ताप उतरतो, सांधे उरतात

आजाराला नाव देताना लोक त्यातले जे पहिल्यांदा डोळ्यांत भरते तेच उचलतात. टांझानियाच्या दक्षिण टोकाला, मोझांबिकच्या सीमेजवळ, माकोंडे नावाचे पठार आहे. हा मुलूख टांगानिका म्हणून ओळखला जाई त्या काळात, १९५२-५३ मध्ये, तिथे एका तापाची मोठी साथ आली. तिथल्या माकोंडे भाषेत या आजाराला जो शब्द मिळाला त्याचा अर्थ ‘वाकवून टाकणारा’ असा आहे. मॅरियन रॉबिन्सन आणि डब्ल्यू. एच. आर. लम्सडेन यांनी १९५५ साली या साथीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तोच शब्द जगभर रूढ झाला : चिकुनगुनिया. त्या नावात ताप नाही, पुरळ नाही, डासही नाही. कंबर आणि गुडघे सरळ करता न येणारा माणूस तेवढा आहे. आपल्याकडे मात्र नावाची सुरुवात ऐकून लोकांनी त्याचा कोंबडीशी संबंध जोडला. २००६ साली फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आणि त्याच वर्षी चिकुनगुनियाची साथ, त्यामुळे या गैरसमजाला आयतेच खतपाणी मिळाले. कोंबडीचा गैरसमज पुढे विरला. दुसरा, जास्त नुकसान करणारा गैरसमज अजून तसाच आहे. दवाखाना, आरोग्य खाते आणि घरातली वडीलधारी माणसे, सगळेच चिकुनगुनियाला तापांच्या यादीत बसवतात आणि ताप उतरला की आजार गेला असे धरून चालतात. माझे म्हणणे असे, की हा मुळात सांध्यांचा आजार आहे आणि ताप हे त्याचे दार आहे. निदान, औषध, मोजदाद, डासांचा बंदोबस्त या प्रत्येक ठिकाणी आपण दारापाशीच थांबतो आणि चुकतो.

ही चूक जुनी आहे. १७७९ साली बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, डेव्हिड बायलॉन या डच वैद्याने तापाच्या एका साथीचे वर्णन केले आणि तिला सांध्यांचा ताप म्हटले. पुढे कितीतरी वर्षे हे डेंग्यूचे पहिले वर्णन मानले जात होते. १९७१ मध्ये डोनाल्ड केरी यांनी ही जुनी वर्णने पुन्हा तपासली. त्यांनी दाखवले, की बायलॉनची साथ, झांझिबारच्या एकोणिसाव्या शतकातल्या साथी आणि १८२४ नंतर व १८७०च्या दशकात हिंदुस्थानात पसरलेल्या साथी यांची लक्षणे डेंग्यूपेक्षा चिकुनगुनियाशी जास्त जुळतात. एकाएकी चढणारा ताप, अंगावरचे पुरळ, डोके ठणकणे हे दोन्ही आजारांत सारखे असते. निराळे असते ते पुढचे : महिनोन्‌महिने न सुटणारे मनगट आणि घोटे. तापाकडे पाहिले तर दोन रोग एकच भासतात, सांध्यांकडे पाहिले तर वेगळे होतात. दीडशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या वैद्यांकडे विषाणू ओळखण्याचे साधन नव्हते, त्यांना दोष देता येत नाही. आज साधन आहे, तरी पावसाळ्यात ‘व्हायरल आहे, चार दिवसांत उतरेल’ या एका वाक्यावर दोन्ही आजारांची बोळवण होते.

भारतात हा विषाणू पहिल्यांदा हाती लागला तो १९६३ च्या कोलकात्याच्या साथीत. मग मद्रास, वेल्लोर, पुदुच्चेरी. आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातली बार्शी. बार्शीच्या पाहणीत लागणीचे प्रमाण ३७.५ टक्के निघाले, म्हणजे दर आठ माणसांत तीन. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षे देशात मोठी साथ नोंदली गेली नाही आणि रोग गेला अशी समजूत झाली. पण तो गेलेला नव्हता. २००० साली पुण्याजवळच्या यवत गावात पकडलेल्या एडिस डासांमध्ये राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना चिकुनगुनियाचा विषाणू सापडला. पुढे जनुकीय तपासणी झाली तेव्हा त्याचा अर्थ लागला. १९६३ ते १९७३ चे विषाणू आशियाई वंशाचे होते. २००६ च्या साथीचे आफ्रिकी वंशाचे. आणि यवतचाही आफ्रिकीच. याचा अर्थ, २००५ च्या अखेरीपासून मालेगाव आणि दक्षिणेतली राज्ये साथीने घेरली जाण्यापूर्वी निदान पाच वर्षे हा नवा वंश आपल्या अंगणात येऊन बसला होता. त्या पाच वर्षांत तो माणसांना अजिबात लागला नसेल हे पटण्यासारखे नाही. चार-दोन माणसे तापली, त्यांचे हातपाय आखडले आणि त्याला कुणीतरी व्हायरल म्हटले, कुणी संधिवात म्हटले, हेच जास्त संभवते. २००६ मध्ये मात्र आकडा दडवता येण्याजोगा राहिला नाही. त्या एका वर्षात देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले, आणि त्यांपैकी प्रयोगशाळेत तपासलेले अगदी थोडे होते.

विषाणूला सांधेच का लागतात, या प्रश्नाचे बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर अलीकडे मिळाले. चिकुनगुनियाचा विषाणू अल्फाव्हायरस गटातला. सुमारे ११,८०० अक्षरांचा एक आरएनए धागा आणि त्याभोवतीचे प्रथिनांचे कवच, एवढाच त्याचा संसार. पेशीत शिरायला त्याला पेशीच्या पृष्ठभागावरचे एखादे प्रथिन धरावे लागते. २०१८ मध्ये असे एक प्रथिन सापडले, एमएक्सआरए-८ नावाचे. ते ज्या पेशींवर आढळते त्यांची यादी पाहिली की निम्मा उलगडा होतो : कूर्चा घडवणाऱ्या पेशी, हाड घडवणाऱ्या पेशी, आणि स्नायुबंध व सांध्याच्या अस्तरातल्या तंतुपेशी. डास चावल्यावर साधारण तीन ते सात दिवसांत विषाणू रक्तात भरपूर वाढतो, ताप एकदम चढतो, आणि त्याच सुमाराला बोटांची पेरे, मनगटे, घोटे, पावलांचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सारखेच धरतात. काहींच्या नाकाच्या शेंड्यावर नंतर काळसर डाग पडतो. डॉक्टरांना मागाहून निदान करायला तो उपयोगी पडतो. आणखी एक गोष्ट डेंग्यूच्या अगदी उलट आहे. डेंग्यूची लागण झालेल्या चारांपैकी तिघांना ती कळतही नाही, तर चिकुनगुनियाची लागण झालेले बहुतेक लोक आजारी पडतातच. म्हणून एखाद्या आळीत तो शिरला की आठवडाभरात घरोघरी माणसे भिंतीला धरून चालताना दिसतात.

ताप चार-पाच दिवसांत जातो. पुढची सकाळ कशी असते ते जरा जवळून पाहू. झोपेतून उठल्यावर मूठ वळत नाही. पाऊल जमिनीला टेकवले की टाचेतून कळ जाते, म्हणून पहिली दहा पावले पावलांच्या कडांवर टाकावी लागतात. पाण्याने भरलेला तांब्या एका हाताने उचलत नाही. कपडा पिळता येत नाही, सदऱ्याचे बटण काजात जात नाही, विळीवर बसता येत नाही, बसले तर उठता येत नाही. भाकरी थापायला तळहात सपाट लागतो आणि मनगटात जोर लागतो. नेमके तेच दोन्ही गेलेले असते. तास-दोन तासांनी सांधे थोडे मोकळे होतात, दुपारी माणूस बरा दिसतो, आणि ‘सकाळी तर फार कण्हत होतीस’ असे ऐकून घ्यावे लागते. ज्याचे पोट हातावर आहे, जो यंत्रमागावर तुटलेला धागा बोटांनी गाठतो किंवा कापसाची बोंडे वेचतो, त्याच्यासाठी ही सकाळ म्हणजे बुडालेली मजुरी. भारतातल्या २००६ च्या साथीने काय हिरावून घेतले याचा हिशेब पुदुच्चेरीच्या संशोधकांनी मांडला. आजारपणामुळे आणि अपंगत्वामुळे वाया गेलेली निरोगी वर्षे २५,५८८ भरली आणि त्यांतली ६९ टक्के एकट्या रेंगाळलेल्या सांधेदुखीमुळे होती. बुडालेले उत्पन्न कमीत कमी ३९.१ कोटी रुपये. मला या लेखात एकच आकडा ठेवायला सांगितला तर मी हा ६९ टक्क्यांचा ठेवीन. आजाराचा दोन-तृतीयांशाहून जास्त भार ताप उतरल्यानंतरचा आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की सांधे तर वयाने दुखतातच. साथ आली म्हणून जुन्या दुखण्याला नवे नाव मिळाले. आक्षेपात तथ्य आहे. चाळिशी ओलांडलेल्यांना, आधीपासून सांध्यांची तक्रार असलेल्यांना आणि ज्यांचा पहिला आठवडा फार कडक गेला त्यांना दुखणे जास्त काळ पुरते, हे खरे. पण म्हणून सगळे दुखणे वयाच्या खात्यावर टाकता येत नाही. हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावर २००५-०६ मध्ये सुमारे २ लाख ६६ हजार लोकांना, म्हणजे लोकसंख्येच्या एक-तृतीयांश माणसांना, लागण झाली. साधारण दोन वर्षांनी तिथल्या प्रौढांना विचारपूस करण्यात आली तेव्हा रक्तात लागणीची खूण असलेल्यांपैकी ४३ टक्के, तर लागण न झालेल्यांपैकी १७ टक्के सांधे-स्नायू दुखण्याची तक्रार करत होते. ते सतरा टक्के वयाचे आणि कष्टाचे म्हणू. वरचा फरक विषाणूचा. किती जणांचे दुखणे किती काळ टिकते याचे आकडे अभ्यासागणिक बदलतात, कारण कुणी दवाखान्यात आलेलेच रुग्ण मोजतो तर कुणी सगळे गाव. कोलंबियातल्या ५०० रुग्णांच्या पाहणीत वीस महिन्यांनीही सुमारे पाव रुग्ण दुखत होते. बहुतेक लोक बरे होतात हे यातूनच दिसते, आणि ते रुग्णाला सांगितलेच पाहिजे, धीर त्यानेच येतो. पण लाखांच्या साथीत पाव हिस्सा म्हणजे किती संसार, हेही विसरता येत नाही.

दुखणे टिकते ते विषाणू आत दडून बसतो म्हणून, की विषाणू गेल्यावरही शरीराची प्रतिकारयंत्रणा शांत होत नाही म्हणून? या विषयातला हा सर्वांत रंगलेला वाद आहे आणि उपचार त्याच्यावर अवलंबून आहेत. रेयुनियोंच्या एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात लागणीनंतर अठरा महिन्यांनी विषाणूचे आरएनए आणि प्रथिने सापडली होती. मकाक माकडांवरच्या प्रयोगांतही विषाणू भक्षक पेशींमध्ये बराच काळ तग धरून राहिला. उलट कोलंबियात बारांकियाच्या ३८ रुग्णांच्या सांध्यांतले पाणी लागणीनंतर बावीस महिन्यांनी तपासले, तेव्हा एकातही विषाणू मिळाला नाही. अस्तर वेगळे आणि पाणी वेगळे, त्यामुळे दुसऱ्याने पहिला पुरावा खोडला असे म्हणता येत नाही. मला दिसते ते असे, की विषाणूचे अवशेष काही जणांत राहत असावेत, पण दुखणे चालू ठेवणारी मुख्य आग प्रतिकारयंत्रणेची आहे. म्हणूनच महिनोन्‌महिने सुजलेल्या सांध्यांवर संधिवाताची औषधे, मेथोट्रेक्सेटसारखी, काही रुग्णांना लागू पडतात. आणि म्हणूनच ती संधिवाततज्ज्ञाच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, उशिराच्या टप्प्यातच घ्यायची असतात.

पहिल्या आठवड्यातले औषध याच्या अगदी उलटे असते, आणि तापाची नजर इथे सर्वांत महागात पडते. चिकुनगुनियावर विषाणू मारणारे औषध नाही. पॅरासिटामॉल, पाणी, विश्रांती एवढेच. दुखणे असह्य म्हणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतली आणि आजार डेंग्यू निघाला, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत त्या गोळ्या दूरच ठेवायच्या. स्टेरॉइडची सुई टोचली की दुसऱ्या दिवशी रुग्ण चालत घरी जातो आणि डॉक्टरांचे नाव होते, पण औषध थांबताच दुखणे अनेकदा जोराने उसळते. क्लोरोक्विनचा मोह तर कितीतरी वर्षे होता. रेयुनियोंतल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, उलट ज्यांनी ते घेतले त्यांच्यात नंतरची सांधेदुखी जास्त आढळली. पुण्यातल्या संधिवाततज्ज्ञ अरविंद चोप्रा यांच्या चमूने क्लोरोक्विनची साध्या वेदनाशामकाशी तुलना केली, त्यातही ते सरस ठरले नाही. तपासणीचेही तसेच. पहिल्या आठवड्यात विषाणू थेट पकडायला आरटी-पीसीआर लागते. आयजीएम प्रतिपिंडे साधारण पाचव्या दिवसानंतर दिसू लागतात आणि मग महिनोन्‌महिने राहतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम चाचणी ‘निगेटिव्ह’ आली म्हणून चिकुनगुनिया नाही असे होत नाही, आणि चौथ्या महिन्यात ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून आजचा ताप त्याचाच असेही नाही. पैसे भरून केलेल्या कागदावरचा हा गोंधळ रुग्णाला कुणी समजावून सांगत नाही.

दुसरा आक्षेप सरकारी आहे आणि वजनदार आहे : डेंग्यूने माणसे मरतात, चिकुनगुनियाने नाही, तेव्हा मर्यादित पैसा कुठे जावा हे उघड आहे. २००६ च्या सरकारी तक्त्यात चिकुनगुनियाच्या मृत्यूंपुढे शून्य आहे. त्याच वर्षी अहमदाबादमध्ये ऑगस्ट ते नोव्हेंबर या साथीच्या महिन्यांतले मृत्यू आधीच्या चार वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहिले गेले, तेव्हा २,९४४ मृत्यू जास्त भरले. दुसरे एखादे कारण असू शकते असे त्या संशोधकांनी स्वतःच म्हटले आणि सखोल चौकशीची मागणी केली. मीही त्या आकड्याला त्याहून जास्त ताणणार नाही. पण तिकडे जादा मृत्यू आणि इकडे शून्य, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी निःशंकपणे मान्य करता येत नाहीत. वृद्ध, मधुमेही, हृदयरोगी यांचा मृत्यू दाखल्यावर ‘हृदयविकार’ म्हणून लिहिला जातो. बाळंतपणाच्या वेळी आईच्या रक्तात विषाणू असेल तर जवळपास निम्म्या बाळांना लागण होते आणि त्यांतल्या काहींच्या मेंदूला कायमची इजा होते, हे रेयुनियोंतच दिसून आले. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यातही मेंदू आणि मज्जासंस्थेची गुंतागुंत झालेले रुग्ण पाहायला मिळाले. शिवाय मरण हेच एकमेव माप धरले, तर पाठीचा कणा किंवा डोळे बिघडवणारे कुठलेच दुखणे सरकारच्या खिजगणतीत येणार नाही.

तिसरा युक्तिवाद असा, की एकदा झाला की हा आजार सहसा पुन्हा होत नाही, त्यामुळे साथ आपोआप विझते. एका माणसापुरते हे खरे आहे. समाजापुरते नाही, कारण समाजात रोज नवी माणसे जन्माला येतात. २०१७-१८ मध्ये देशभर गोळा केलेल्या रक्तनमुन्यांत चिकुनगुनियाची जुनी खूण १८.१ टक्के लोकांत आढळली. दक्षिणेत ती ४३.१ टक्के होती. बाकी देशातला फार मोठा हिस्सा कोरा आहे. रेयुनियोंतही वीस वर्षांत एक पिढी बदलली आणि २०२५ मध्ये तिथे पुन्हा ५० हजारांहून जास्त रुग्ण झाले. त्याच वर्षी चीनमधल्या फोशान शहरात हजारो लोकांना लागण झाली.

विषाणूही बसून राहत नाही. रेयुनियोंच्या पहिल्या साथीत त्याच्या ई-१ प्रथिनातल्या २२६ व्या जागी एक अमिनो आम्ल बदलले आणि नेहमीचा वाहक असलेल्या एडिस इजिप्तीचा भाऊबंद, एडिस अल्बोपिक्टस या डासात तो कितीतरी सहज वाढू लागला. २००७ मध्ये केरळमधल्या विषाणूत हाच बदल स्वतंत्रपणे घडलेला दिसला. केरळात हा डास रबराच्या मळ्यांत मुबलक. झाडाला बांधलेल्या चिकाच्या वाट्यांत पावसाचे पाणी साचते, तीच त्याची बाळंतखोली. त्याच वर्षी केरळहून गेलेल्या एका पाहुण्यामुळे इटलीतल्या रावेन्ना भागातल्या खेड्यांत दोनशेहून जास्त लोक आजारी पडले. आपल्याकडे, बार्शी-मालेगावच्या कोरड्या पट्ट्यात, मुख्य गुन्हेगार इजिप्तीच आणि त्याचे घर म्हणजे आपले साठवणीचे पाणी. त्याची अंडी पाण्यावर तरंगत नाहीत; पिंपाच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, काळ्या ठिपक्यांसारखी चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पिंप नुसते उपडे करून भागत नाही, ते काथ्याने घासावे लागते. रुग्ण सापडल्यावर गल्लीतून जाणारे धुराचे यंत्र बाहेर उडणारे डास मारते. खुंटीवरच्या कपड्यांमागे बसलेली मादी वाचते आणि अंड्यांना तर काहीच होत नाही. तापाचे रुग्ण मोजून धूर मारायचा ही पद्धत मुळात उशिराचीच आहे, कारण रुग्ण नोंदला जाईपर्यंत त्याच्या रक्तातला विषाणू डासांत गेलेला असतो. खरे काम उन्हाळ्यातले आहे, एकही ताप नसताना. आणि ते एकट्या घरमालकिणीवर ढकलता येत नाही : जिथे आठवड्यातून एकदा नळ येतो तिथे पाणी साठवू नका हे सांगणे व्यर्थ आहे, तिथे घट्ट झाकण आणि नियमित पाणी हाच डासांचा बंदोबस्त आहे.

लसींचीही गोष्ट याच वाटेने गेली आहे. दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूची पहिली लस अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली. २०२५ मध्ये रेयुनियोंत ती वापरली गेली तेव्हा वृद्धांमध्ये गंभीर परिणाम दिसले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने तिचा परवाना स्थगित केला. दुखणे ज्यांना सर्वांत जास्त काळ पुरते त्याच वयाच्या लोकांना ती सर्वांत धोक्याची ठरली. विषाणूच्या रिकाम्या कवचासारख्या कणांपासून बनवलेली दुसरी लस फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजूर झाली. तिच्यात जिवंत विषाणू नसल्याने ती आशा वाटावी अशी आहे. दोन्ही लसींना मंजुरी मिळाली ती रक्तात पुरेशी प्रतिपिंडे तयार होतात या आधारावर. साथी कुठे आणि कधी फुटतील याचा नेम नाही, म्हणून तसे करणे समजण्यासारखे आहे. पण लस घेतलेल्याची मूठ सहा महिन्यांनी सकाळी वळते की नाही, हे त्या चाचण्यांत मोजलेले नाही.